उजव्या हातातून

हे आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. आमच्या घरी गणपती येतो तेव्हा आरतीला उभी राहते, टाळ्या वाजवते, पण त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही — हार बघते, मखर बघते, दुर्वा नीट बसल्यात का ते बघते. घरच्यांना वाटतं, हिची टापटीपच भारी. वाटू दे. का बघत नाही, तेच सांगायला बसलेय. पण एकदम मुद्द्यावर येणं मला जमायचं नाही. थोडं आजूबाजूचं बोलू दे आधी.

मी रोह्याला राहते. नवरा धाटावला कंपनीत, त्याची शिफ्ट असते. माझी नोकरी पेणला, एका डायलिसिस सेंटरात. लागले टेक्निशियन म्हणून, पण तिथे सगळे सिस्टरच म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करत असे, मग कंटाळले. किडन्या बसलेली माणसं आठवड्यातून दोनदा येतात, चार तास मशीनला लागतात, रक्त धुऊन घेतात आणि घरी जातात. पुन्हा तीन दिवसांनी तेच. वर्षानुवर्षं. त्यामुळे पेशंट पेशंट राहत नाहीत. कुणाच्या घरी कुणाची सोयरीक जुळतेय, कुणी चोरून आंबा खाल्ला, कुणी पाणी जास्त प्यायलं, सगळं आम्हाला ठाऊक. मी तोंडाची फटकळ. अंगावर पाणी चढवून आलेल्या पुरुषाला मी असं फैलावर घेते, की त्याची बायको मागे उभी राहून पदरात हसते.

आणि एका गोष्टीचा मला माज होता. हो, माजच म्हणते, दुसरा शब्द कशाला शोधू? माझा हात. शीर कितीही खोल असो, माझी सुई पहिल्याच टोच्यात लागायची. दुसऱ्या सिस्टरांनी हात टेकले की मला बोलावणं यायचं. पेशंट विचारायचे, रोह्याची आलीय का? मग तिलाच टोचू दे. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची, आणि दिवसभर आत गुदगुल्या व्हायच्या.

शेवंतीकाकी आमच्याकडे आली ती याच दिवसांत. हमरापूरच्या बाजूची. नवरा कधीचाच गेलेला. एक मुलगा — निलेश — आणि त्याची बायको अंकिता. घरचाच गणपतीचा कारखाना. पोरगा साचे भरायचा, रंगाचा पंप मारायचा, पण डोळे काकीचे. आमच्याकडे त्याला आखणी म्हणतात. मूर्ती पूर्ण झाली, पीतांबर झाला, दागिने झाले, तरी आखणी होईपर्यंत ती माती. काकी बारीक ब्रश घेऊन बसायची, श्वास रोखायची आणि दोन हलक्या ओढींत बाप्पा समोरच्या माणसाकडे बघायला लागायचा. आजूबाजूच्या कारखान्यांतूनही तिला डोळ्यांसाठी न्यायला यायचे. मी एकदा मुद्दाम बघायला गेले होते. मला बसायला पाट दिला, चहा दिला, आणि म्हणाली, बोलू नको हां पोरी, हात हलला तर देव तिरळा व्हायचा.

काकीच्या छातीत लोखंडी झडप होती. हृदयाचं मोठं ऑपरेशन कधीकाळी झालेलं, किडन्या जाण्याच्या फार आधी. आमच्या हॉलमधे पंखा बंद केला, की काकीच्या छातीतून टिकटिक ऐकू यायची. खरंच ऐकू यायची. शेजारच्या खाटेवरचा गुरुजी पहिल्या दिवशी म्हणाला, कुणाचं घड्याळ वाजतंय? काकी म्हणाली, माजंच हाय, चावी देवाकडं हाय. सगळा हॉल हसला. मी पण.

अशी झडप असली की जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते, नाहीतर झडपेवर रक्त साकळतं. आणि किडनीच्या पेशंटमधे त्या गोळीचं गणित फार नाजूक. जास्त पातळ झालं तर कुठूनही रक्तस्राव, कमी झालं तर गाठ. म्हणून दर थोड्या दिवसांनी रक्त तपासून आकडा बघायचा आणि गोळी कमी-जास्त करायची. काकीचा आकडा तीनच्या आसपास हवा होता, एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता हे रक्त काढायचं कुठून? डावा हात बंद — त्यात डायलिसिससाठी शीर जोडण्याचं ऑपरेशन झालेलं, ती शीर तयार होईपर्यंत त्या हाताला सुई लावायची नाही, ब्लडप्रेशरचा पट्टासुद्धा बांधायचा नाही. तोवर डायलिसिस चालायचं ते मानेत बसवलेल्या नळीतून. पण त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून आम्हीच जाताना एक औषध भरून ठेवतो, तेही रक्त पातळ करणारंच. म्हणून हे एक सँपल त्या नळीतून घ्यायचं नाही. दुसऱ्या सगळ्या तपासण्यांना चालतं, हिला नाही. मला शिकवलं होतं, मी नव्या मुलींना शिकवलं होतं. राहिला उजवा हात. रंगाचा हात.

त्या हाताच्या शिरा म्हणजे शिवणाचा दोरा. त्यात गोळीमुळे, टोचलं की तिथे निळंजांभळं पसरायचं, मनगट सुजायचं, दोन-चार दिवस बोटं आवळून यायची. काकी बाकी कशाला कुरकुरायची नाही, पण त्या हाताला सुई म्हटली की तोंड फिरवायची. मी स्पिरिटचा कापूस फिरवला की कापसाला रंग लागायचा — कधी गुलाबी, कधी सोनेरी.

श्रावण लागायच्या आधीची गोष्ट. मी तिची शीर चुकवली. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग मनगटाशी तिसऱ्यांदा. हॉल भरलेला. आणि काकी मोठ्यानं म्हणाली, "गो पोरी, भाजायचं वांगं हाय का हे? किती टोचशील?" गुरुजी हसला, त्याची बायको हसली, नवी शिकाऊ मुलगी हसली. काकीसुद्धा दुखऱ्या हातानं माझ्या गालाला हात लावून हसली. तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात होतं. ते वांगं मी घरी घेऊन गेले. भाजीत मीठ जास्त पडलं त्या दिवशी, आणि नवऱ्यानं विचारलं तर त्यालाच बोलले.

म्हणजे बघा, पुढे जे केलं ते दयेपोटी केलं असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. दया होती, नाही असं नाही. पण तिच्या आड हे वांगं होतं.

पुढच्या तपासणीची वेळ आली तेव्हा गणपती तोंडावर आलेले. काकीच्या कारखान्यात मूर्ती ओळीनं उभ्या, सगळ्या डोळ्यांवाचून. काकी मशीनला लागता लागता म्हणाली, "आज हाताला नको गो. आता जर का हात सुजला, तर माजं गणपती आंधळं जातील. सण होऊ दे, मग हवं तितकं टोच." मी उजव्या हाताकडे बघितलं. शीर दिसतच नव्हती. परत चुकली तर? परत हॉल हसला तर? आणि समोर मानेतली नळी तयार — उघडली की रक्त. थोडं आधीचं काढून टाकायचं, मग सँपल घ्यायचं. काय होतंय?

तेही धड केलं नाही. आधीचं काढून टाकलेलं रक्त बघून काकी कळवळली — तिला नेहमी सांगायचो ना, काकी, तुझं रक्त कमी आहे — म्हणाली, फेकू नको गो एवढं. मी थांबले. जेवढं टाकायला हवं होतं तेवढं टाकलं नाही. बाटली भरली, काकीचं नाव लिहिलं, आणि काकी इतकी खूश झाली की जाताना पिशवीतून माझ्या हातावर ओल्या नारळाची वडी ठेवली. मी ती बसमधे खाल्ली.

रिपोर्ट आला. आकडा पाचाच्या वर. नळीतलं आमचं औषध त्यात मिसळलेलं, दुसरं काय असणार? तपासलं गेलं ते काकीचं रक्त नव्हतंच नुसतं. मला बघताक्षणी कळलं. अंगावर काटा आला असं म्हणणार नाही — नुसतं चरफडले, की आता परत टोचावं लागणार. आमचे किडनीचे डॉक्टर पनवेलहून ठरल्या वारी येतात, बाकी दिवस फोनवर. मी फोन करून आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, सँपल कुठून घेतलंस?

हेच. हाच प्रश्न. चांगला माणूस आहे तो, त्यानं विचारलं. तिथे मी म्हणू शकले असते, सर, नळीतून घेतलं, चूक झाली, उद्या हातातून घेते. त्यांनी चार शब्द सुनावले असते. जास्तीत जास्त काय? चार शब्द. मी म्हणाले, "उजव्या हातातून, सर."

एवढंच बोलले. आवाज कापला नाही, काही नाही. इतकं सरळ आलं ते तोंडातून, की मलाच वाटलं खरंच हातातून घेतलं असेल. त्यांनी गोळी काही दिवस बंद ठेवून मग अर्धी करायला सांगितली. मी अंकिताला फोन करून तेच सांगितलं. ती फार नीट ऐकणारी मुलगी. प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवायची. "अर्धी म्हणजे ब्लेडनं कापून ना ताई? भुगा पडला तर?" मी म्हणाले, भुगा बोटाला लावून जिभेवर ठेव सासूच्या. तेवढी शहाणी मी होते.

आता तुम्ही म्हणाल, पुढच्या वेळी तरी हातातून घ्यायचं. घेता आलं असतं. मीही तेच ठरवून गेले होते. पण टेबलाशी उभी राहिले आणि मनात आलं — हातातून घेतलं आणि आकडा एकदम खाली आला तर? डॉक्टर विचारतील, एवढा कसा उतरला? मागचं सँपल खरंच हातातून होतं का? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पहिलं खोटं सांभाळायला मी दुसऱ्यांदा नळी उघडली. या वेळी काकीनं सांगितलंसुद्धा नव्हतं. तिनं तर हात पुढे केला होता. मी म्हणाले, असू दे काकी, तुझे गणपती आंधळे जायला नकोत.

आकडा पुन्हा वर. गोळी अर्धीची पाव झाली. फोनवर डॉक्टरांनी विचारलं, हिरड्यांतून रक्त वगैरे येतंय का? नाही. अंगावर काळंनिळं? नाही. ते म्हणाले, नवल आहे. मला नवल नव्हतं. एवढा आकडा खरा असता तर दात घासताना चूळ लाल झाली असती. काकीच्या हिरड्या स्वच्छ होत्या. मी स्वतः बॅटरी लावून बघितल्या होत्या, आणि बॅटरी बंद करून खिशात ठेवली होती. मी मनाला काय सांगत होते ठाऊक आहे? दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. सण झाला की हातातून घेईन, आकडा बरोबर येईल, गोळी परत पूर्ण होईल, सुंठीवाचून खोकला जाईल. कुणाला काही कळायचं नाही.

आणि अजून एक आहे. हे सांगायला सगळ्यात जड जातंय. सणाच्या आधीच्या शेवटच्या डायलिसिसला काकी आली तेव्हा लाईट गेली होती. जनरेटर लागेपर्यंत पंखे थांबले, हॉल एकदम गप्प झाला. आणि मला काकीचं घड्याळ ऐकू आलं नाही. मी वाकले, उशी नीट करायच्या निमित्तानं. आलं, पण खोल, घोंगड्याखाली ठेवल्यासारखं. काकी म्हणाली, जरा दम लागतो गो, रंगाच्या वासानं असंल. मी हो म्हणाले. मग पंखे सुरू झाले.

तिथे मला सगळं माहीत होतं. नाही माहीत, असं कुणाला सांगू? झडपेचा आवाज बसतो म्हणजे काय, हे मी शिकलेली बाई. फोन माझ्या खिशात होता.

दोन दिवसांनी काकी आखणी करता करता कलंडली. हातातला ब्रश मूर्तीच्या गालावरून खाली ओढत गेला, असं निलेशनं सांगितलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. झडपेवर गाठ झाली होती, तिचा तुकडा डोक्यात गेला. मुंबईला नेलं. तिथे रक्त तपासलं — हातातून, अर्थात — तर आकडा दीडही नव्हता. म्हणजे रक्त जवळजवळ साध्या माणसासारखं. तिथल्या डॉक्टरांनी घरच्यांना विचारलं, गोळी देत होता का?

गोळी अंकिता देत होती.

पेणचे रिपोर्ट सांगत होते रक्त फार पातळ, मुंबईचा सांगत होता अजिबात पातळ नाही. दोन्ही खरे धरले तर मधे एकच माणूस उरतो. निलेश आमच्याकडे आला. दाढी वाढलेली, तोच रंगाचा शर्ट. मला म्हणाला, "सिस्टर, तुमच्याकडं तर जास्तच पातळ येत होतं ना रक्त?" मी म्हणाले, "हो. जास्तच येत होतं."

बघा, इथे मी खोटंसुद्धा बोलले नाही. येत होतंच. अक्षर न् अक्षर खरं. तो मान हलवत गेला, आणि मी खाटेवरची चादर बदलली. करून सवरून नामानिराळी. आमच्या डॉक्टरांनीही नंतर म्हटलं, पाव गोळी दिली असती तरी इतकं खाली यायला नको होतं, बहुतेक देतच नसावेत घरी. म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं, दुजोऱ्यासाठी. मी काय केलं? मी उसासा सोडला. तो उसासा पुरेसा होता.

त्या घरात पुढे काय झालं ते मी ऐकत राहिले, पेणमधे बातमीला पाय फुटतात. चुलत सासवा आल्या. सून मोबाइलवर असायची, सून गोळ्या फेकून द्यायची, सुनेला म्हातारी नकोच होती. कुणी म्हणालं, पाव पाव तुकडे करत बसायचा कंटाळा आला असंल. ती पोरगी रडून सांगत होती की मी एक दिवस चुकवली नाही. कोण ऐकतो? रिपोर्ट खोटं बोलतो का? दिवाळीला तिला माहेरी पाठवली. माहेर रोह्याचं, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. परत न्यायला कुणी आलं नाही, पुढे सोडचिठ्ठीच झाली.

काकी मात्र वाचली. आणि पुन्हा आमच्याकडेच आली, कारण किडन्यांना काय, अर्धांग झालं म्हणून डायलिसिस चुकत नाही. चाकाच्या खुर्चीतून यायची. तोंड एका बाजूला ओढलेलं. शब्द नाहीत, नुसता घशातून आवाज. त्या हॉलमधे मी तिच्या खाटेकडे जायचं टाळायची, दुसऱ्या मुलीला पाठवायची. पण रक्त काढायची पाळी आली आणि त्या मुलीनं सांगितलं, काकी खुणेनं तुम्हालाच बोलावते.

मी गेले. ट्रे खाली ठेवला. काकीनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला — निर्जीव, ओल्या कापडासारखा — आणि माझ्यासमोर खाटेवर ठेवला. वर तळवा केला. माझ्याकडे बघत राहिली.

तिला कळलं होतं का? आता दुखत नाही, टोच हवं तितकं, एवढंच सांगायचं होतं का? की तिला सगळं ठाऊक होतं — कुठून रक्त घेतलं ते तर तिनं डोळ्यांनी बघितलं होतं? मला आजही माहीत नाही. सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते, आणि ते नाहीत याचं मला — बोलून टाकते — त्या क्षणी बरं वाटलं. असं वाटलेलं आहे मला. मी कापूस फिरवला. कापूस पांढराच राहिला. आणि शीर पहिल्याच टोच्यात लागली.

वर्षभरानं काकी गेली. मी दहाव्याला गेले, लांब उभी राहिले, नमस्कार केला. निलेश म्हणाला, तुम्ही फार केलंत सिस्टर तिचं. कारखान्यात आता डोळे दुसरी कुणी करते. घरी येणारा आमचा गणपती त्याच बाजूचा असतो, नवऱ्याला तिथलीच मूर्ती आवडते.

हे इथे संपलं असतं तर मी कदाचित बोललेच नसते. झाकली मूठ. म्हाताऱ्या माणसाचं मरण, किडनी गेलेली, झडप गेलेली, आज ना उद्या — असं मनाला पटवणारे पुष्कळ भेटतात, आणि मी पटवून घेणारी. पण अंकिता आहे.

ती नागोठण्याला एका कापडाच्या दुकानात कामाला लागली. सकाळची रोहा-पेण एसटी आम्हा दोघींची एकच. पहिल्या दिवशी तिला स्टँडवर बघितलं तेव्हा मी दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिले. तिनंच हाक मारली. "ताई!" अशी आनंदानं, जशी माहेरचं माणूस भेटावं. शेजारी बसवून घेतलं. डब्यातला घावन दिला. काकीचं विचारलं, शेवटी त्रास झाला का, कुणी जवळ होतं का. सासूसाठी डोळे पुसले. मग म्हणाली, "तिकडचे सगळे मला बोलले ताई. एक तुम्हीच काय बोलला नाय. मी विसरणार नाय ते."

मी घावन खाल्ला.

तेव्हापासून हे रोजचं झालं. ती मला सगळं सांगते. वडिलांची कंपनीची शिफ्ट, भावजयीची कुरकुर, दुकानातला मालक, दुसऱ्या लग्नासाठी येणारी माणसं — येतात, चौकशी करतात, पेणला कुणाला तरी फोन लावतात आणि परत येत नाहीत. ते तिनं हसत सांगितलं. "सासूला मारलेली सून कोण घेतो ताई?" असं. मी म्हणाले, असं बोलू नये. वाकण फाट्यापासून नागोठण्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

आणि मग परवाची गोष्ट, जिच्यामुळे मी हे सांगायला बसले. बस नुकतीच सुटलेली. अंकितानं डबा उघडलाच नाही. मग एकदम म्हणाली, "ताई, एक विचारू? तुम्ही शिकलेल्या आहात. मी गोळी दिली, मला पक्कं माहीत होतं. ब्लेडनं कापायची, भुगा बोटावर घ्यायची, आईंच्या जिभेला लावायची. पण आता इतके दिवस झाले, सगळे म्हणतात, तर मला वाटाय लागलंय — एखादं दिवस मी विसरलेच असेन का हो? मला आता खरंच आठवत नाय. कधी वाटतं दिली, कधी वाटतं नव्हती दिली. मीच मारलं का ताई त्यांना?"

माझ्या मांडीवर पर्स होती, तिची चेन मी उघडत होते, मिटत होते. शेजारी कुणी ऐकत नव्हतं. कंडक्टर मागे. तीसुद्धा माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या सीटच्या दांड्याकडे बघत होती. यापेक्षा सोपं कुणी कुणाला विचारलं नसेल. मी तिला म्हणाले, "जाऊ दे गो. झालं ते झालं. विचार करू नको."

म्हणजे विसरली असशील, असंच ना? असंच ऐकलं तिनं. मान डोलावली. म्हणाली, व्हय, जाऊ दे. आणि नागोठण्याला उतरली.

तिनं एकही गोळी चुकवली नव्हती. तिला पूर्ण द्यायला सांगितली असती तर तिनं पूर्ण दिली असती, वेळेवर, भुग्यासकट. अर्धी सांगितली, अर्धी दिली. पाव सांगितली, पाव दिली. सांगितली मी. काकीच्या मानेतल्या नळीतून रक्त घेऊन हातातून घेतलं म्हणाले, कारण मला पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं, आणि नंतर कारण मला पकडलं जायचं नव्हतं, आणि त्याच्या नंतर तर कारणही उरलं नव्हतं, नुसती सवय झाली होती.

आज सकाळी मला उशीर झाला. धावत स्टँडवर गेले तर बस भरलेली, माणसं दांड्याला धरून उभी. मधल्या बाकावरून अंकितानं हात हलवला. शेजारच्या सीटवर तिनं ओढणी टाकून ठेवली होती, दोन बायकांशी त्यावरून भांडलीही असावी, कारण त्या मला बघून पुटपुटल्या. तिनं ओढणी उचलली आणि सरकून खिडकीची जागा मला दिली.

मी बसले.